राजाची मर्जी आणि लेखी कायदा



आमच्या मिरकरवाड्यातलं शेंबडं पोरही थिबा राजाचा राजवाडा दाखवील. ब्रह्मदेशचा हा राजा मंडालेत बोलेल तो कायदा होता. 1885 साली इंग्रजांनी त्याला तख्तावरून खेचलं, पुढं रत्नागिरीत आणून कोंडलं आणि 1916 साली तो इथंच वारला. त्याची सत्ता गेली खरी. पण ती ब्रह्मी रयतेच्या हाती आली काय? छे! राजाची मर्जी गेली आणि इंग्रज सरकारची मर्जी आली. याला राजसत्तेस लगाम घालणं म्हणत नाहीत.

लगाम कसा असतो ते औंधला बघा. सातारच्या बाजूचं 72 गावांचं लहान संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारवाले. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांनी सत्ता रयतेला देण्याचं जाहीर केलं आणि जानेवारी 1939 मध्ये घटना दिली. राजपुत्र आप्पासाहेब, पोलंडचे इंजिनियर मॉरिस फ्रिडमन आणि सल्ल्याला गांधीजी. गावोगाव निवडलेल्या पंचायती, त्यांच्यावर तालुक्याची सभा, सर्वांत वर कायदेमंडळ. राजाच्या खासगी खर्चालाही हद्द घातली. म्हणजे राजा बोले, दळ हाले हे संपलं!

पण त्यात एक खोट होती, ती सांगितली पाहिजे. मत कुणाला? तर ज्याला लिहिता-वाचता येतं त्याला. गांधीजींचाच तसा आग्रह होता. लोक शिकावेत हा हेतू चांगला, मान्य. पण कष्टकऱ्याला अडाणी ठेवलं कुणी? माझी आई अंगठा उठवते, पण वाण्याचा हिशेब तिला तोंडपाठ. तिनं मत का देऊ नये? 1950 च्या भारतीय घटनेनं ही अट ठेवली नाही. अंगठेवाल्याचं मत सहीवाल्याच्या मताइतकंच, हे तिथं ठरलं.

दुसरं असं, की औंधात राजा भला होता म्हणून मिळालं. इतर संस्थानांत रयतेला प्रजा परिषदा काढून भांडावं लागलं. भलेपणावर भरवसा किती ठेवणार? राजा भला, त्याचा नातू कसा निघेल कोण सांगणार! 1948 साली औंध मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा हा प्रश्नच मिटला. उरलेसुरले राजांचे तनखे 1971 साली घटनादुरुस्तीनं बंद झाले.

गिरणीतल्या माणसाला हे नवं नाही. मालक खुशीत असला तर रजा, नसला तर बडतर्फी. नियम काय, तर जॉबर सांगेल तो. 1946 च्या कायद्यानं मालकांना स्टँडिंग ऑर्डर लेखी करायला लावली, आणि बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेतही ती गेटापाशी लावायला लावली. इंग्रजी कागद आम्हाला भिंतीसारखाच. मराठीतला कागद मात्र एकानं मोठ्यानं वाचला, की चार अंगठेवाल्यांनाही कळायचा आणि जॉबरची जीभ थोडी आखूड व्हायची.