ओळख पडद्यावरची, चौकशी आपली

आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत ‘स्थळाची चौकशी’ हा एक स्वतंत्र अध्याय असे. मुलाचे नाव कळले की घरातले कोणीतरी त्याच्या गावी जाऊन येई. कचेरीतल्या शिपायापासून वाड्यातल्या शेजाऱ्यापर्यंत चार ठिकाणी सहज म्हणून विचारपूस होई. मामाचे गाव, आत्याचे सासर असे धागे जुळवता जुळवता कोणीतरी ओळखीचे निघेच. ही पद्धत निर्दोष होती असे मुळीच नाही. तिच्यात जातीची मोजमापे होती, मुलीच्या पसंतीला फारशी जागा नव्हती आणि व्यसने, आजार, कर्जे झाकून ठेवणारे मध्यस्थही होते. तरीही तिचा एक गुण मान्य करावा लागतो. दोन अनोळखी माणसांच्या मध्ये एक तिसरे माणूस उभे असे, आणि त्याला उद्या दोन्ही घरांत तोंड दाखवायचे असे.

विवाहसंस्थळे आणि डेटिंग अ‍ॅप यांनी नेमके हे तिसरे माणूस वगळले आहे. त्यामुळे स्वातंत्र्य वाढले, हे खरे. घटस्फोटितांना, जोडीदार गमावलेल्यांना, पन्नाशीनंतर सोबत शोधणाऱ्यांना आणि समलिंगी व्यक्तींना जुन्या व्यवस्थेत दार उघडे नव्हते. ते आता उघडले आहे. म्हणून ‘हे सारे वाईटच’ असे म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे. पण चौकशीचे काम मात्र संपलेले नाही. ते आता ज्याचे त्याने करायचे आहे.

प्रथम फसवणुकीची रीत समजून घेऊ. तिचे तपशील बदलतात, पायऱ्या सहसा बदलत नाहीत. पहिली पायरी म्हणजे अवेळी आलेली जवळीक. दोन दिवसांच्या ओळखीत सकाळ-संध्याकाळ विचारपूस, आठवड्यात लग्नाच्या गोष्टी. दुसरी पायरी म्हणजे संस्थळ किंवा अ‍ॅप सोडून व्हॉट्सअ‍ॅप वा टेलिग्रामवर येण्याचा आग्रह; कारण मूळ ठिकाणी तक्रार झाली की खाते बंद होऊ शकते. तिसरी पायरी म्हणजे भेट टळत राहणे. कधी जहाजावरची नोकरी, कधी परदेशातले रुग्णालय, कधी सैन्यातली नेमणूक. आणि चौथी पायरी पैशाची.

ही चौथी पायरी प्रामुख्याने तीन रूपांत दिसते. एक, परदेशातून पाठवलेली भेटवस्तू विमानतळावर ‘अडकते’ आणि सीमाशुल्क अधिकारी म्हणून कोणी फोन करून रक्कम भरायला सांगतो. सीमाशुल्क विभाग खासगी बँक खात्यात शुल्क भरायला सांगत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी हा डाव उधळतो. दोन, गुंतवणुकीचे अ‍ॅप. आरंभी थोडी रक्कम गुंतवायला लावतात, नफा दाखवतात, त्यातला काही भाग खरोखर काढूही देतात. विश्वास बसून मोठी रक्कम गेली की पैसे काढण्यासाठी ‘कर’ मागतात. शेअर बाजाराशी व्यवहार करून देणारी व्यक्ती वा संस्था सेबीकडे नोंदलेली आहे की नाही, हे सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तीन, व्हिडिओ कॉलवर खासगी क्षण टिपून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी. म्हणजे सरळ खंडणी.

पलीकडे बोलणारे माणूस एकटे आहे, असेही समजू नये. म्यानमार आणि कंबोडियात या कामाचे मोठे अड्डे चालतात. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या तरुणांना तिथे कोंडून, पाळ्या लावून, ठरवून दिलेली वाक्ये लिहायला लावतात. मार्च २०२५ मध्ये म्यानमारमधील अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी थायलंडमार्गे मायदेशी आणले. समोर असा संघटित धंदा असताना ‘इतकी शिकलेली माणसे फसतात तरी कशी?’ हा प्रश्न फोल ठरतो. एकाकीपणाला शिक्षणाची ढाल पुरत नाही.

मग आपली चौकशी कशी करावी? छायाचित्र गूगलच्या चित्रशोधात टाकून पाहावे. ते दुसऱ्याच नावाने सापडले तर प्रश्न मिटला. सापडले नाही म्हणजे ते खरेच, असेही नाही. आज संगणक अस्तित्वात नसलेले चेहरेही घडवतो. नोकरीचे ठिकाण सांगितले असेल तर त्या संस्थेच्या मुख्य दूरध्वनीवर विचारावे, समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर नव्हे. व्हिडिओवर बोलावे आणि बोलताना चेहरा बाजूला वळवायला, चेहऱ्यासमोरून हात फिरवायला सांगावे. याने शंका कमी होते, पुरती फिटत नाही. ती फिटायची तर प्रत्यक्ष भेटच हवी. आणि भेटीपूर्वी एक रुपयाही द्यायचा नाही, हा नियम अपवादाविना पाळावा. आजारपण, अपघात, अडकलेला पगार अशी कोणतीही कारणे या नियमाला लागू नाहीत.

आपली माहितीही बेताने द्यावी. घराचा पत्ता, कार्यालयाची वेळ, आधार वा पॅनचे छायाचित्र, ओटीपी यांपैकी काहीही देऊ नये. मागे सोसायटीची पाटी, मुलाच्या शाळेचा गणवेश किंवा गाडीचा क्रमांक दिसेल असे छायाचित्र लावू नये. अ‍ॅपला स्थळ कळण्याची परवानगी केवळ वापरापुरती द्यावी.

पहिली भेट दिवसाउजेडी, वर्दळीच्या उपाहारगृहात व्हावी. जाण्यायेण्याची सोय आपली आपण करावी; समोरच्याच्या गाडीवर अवलंबून राहू नये. आपला पेला नजरेआड ठेवू नये. भेटीचे ठिकाण, त्या व्यक्तीचे नाव, क्रमांक आणि छायाचित्र एका विश्वासू माणसाकडे असावे, आणि ठरल्या वेळी त्याने फोन करावा. हेच आपले ‘तिसरे माणूस’. मन साशंक झाले तर सबब न शोधता उठून निघावे. अशा वेळी सौजन्याचे ओझे बाळगायचे नसते. संकट आले तर ११२ हा क्रमांक आहे.

इतके करूनही फसगत होऊ शकते. तसे झाल्यास पहिले काही तास मोलाचे. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेलाही सांगावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी गोठवता आली तरच ती वाचण्याची आशा असते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावरही नोंद करता येते. संभाषण लाजेपोटी पुसून टाकू नये. तोच पुरावा असतो. त्याचे स्क्रीनशॉट, खाते क्रमांक आणि व्यवहाराचे तपशील जपावेत, मगच समोरच्याला रोखावे. धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नयेत. एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. पुढे ‘तुमचे बुडालेले पैसे मिळवून देतो’ म्हणणारा कोणी शुल्क मागू लागला, तर तो त्याच फसवणुकीचा दुसरा अंक समजावा.

कायदा इथे पीडिताच्या बाजूने आहे. संगणकीय साधनाने दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे, आणि धमकावून पैसे उकळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली. स्त्रीने स्वतःच्या संमतीने छायाचित्र काढू दिले असले, तरी तिच्या संमतीविना ते पसरवणे हा गुन्हाच ठरतो, असे त्याच संहितेच्या कलम ७७ मध्ये स्पष्ट केले आहे. खासगी छायाचित्रे पसरण्याची भीती असेल तर ‘स्टॉपएनसीआयआय’ ही मोफत सेवा प्रौढांसाठी आहे. छायाचित्र आपल्याच फोनवर राहते; त्याची अंकीय खूण तेवढी सहभागी समाजमाध्यमांकडे जाते आणि तिच्या आधारे ती माध्यमे ते रोखू शकतात. अठरा वर्षांखालील मुलांसाठी अशीच ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांकही आहे.

आता आरोग्याविषयी. अशा प्रसंगानंतर झोप उडते, भूक मरते, छातीत धडधडते, फोन वाजला की अंगाला घाम फुटतो. पैसे गेल्याचे दुःख असतेच. त्याहून मोठे दुःख असते ते एका नात्याच्या मृत्यूचे. ते माणूस खोटे होते, पण त्याच्यासाठी जागवलेल्या रात्री खऱ्या होत्या. या दुःखाला समाजात सुतक नाही, सांत्वनाला कोणी येत नाही. उलट हसू होते. म्हणून माणूस आत कोंडला जातो, आणि काहींच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येतात. अशा वेळी ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतही, विनामूल्य बोलता येते. जिवाला तातडीचा धोका वाटला तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि जवळचे रुग्णालय गाठावे.

वाचकहो, या साऱ्या धंद्याचे भांडवल प्रेम नसून गुपित आहे. ‘घरी कळले तर?’ या तीन शब्दांवर खंडणी वसूल होते. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. तरीही समलिंगी तरुणांना भेटीला बोलावून लुबाडणाऱ्यांचे फावते, ते कायद्याच्या भीतीने नव्हे, घराच्या भीतीने. साठीच्या विधुर वडिलांना मुलांचे हसू भिवविते, घटस्फोटित लेकीला आईचे ‘सांगितले होते ना’. ज्या घरात या गोष्टी उघड बोलता येतात, त्या घरातल्या माणसाला धमकावणाऱ्याच्या हाती उरते तरी काय?

तेव्हा कुटुंबाने एक काम आधीच करून ठेवावे. ‘काहीही झाले तरी आधी मला सांग, दोष कोणाचा ते नंतर पाहू,’ हे वाक्य घरातल्या प्रत्येकाने प्रत्येकाला, काही घडण्यापूर्वी, जेवणाच्या पाटावर सहज म्हणून सांगून ठेवावे. आणि प्रसंग आलाच, तर ‘किती गेले?’ हा प्रश्न मागे ठेवून ‘तू जेवलास का, तू झोपलीस का?’ हा पुढे करावा. पैशांचा हिशेब पोलिसांपुढे आणि बँकेपुढे मांडता येतो. माणूस सावरण्याचे काम मात्र घरालाच करावे लागते.