टाके निघाले, पुढे काय?

दिवाळीच्या सुमारास आमच्या सोमेश्वरनगरात कारखान्याच्या गाळपाची गडबड उडते आणि बीडकडच्या ऊसतोड टोळ्या फडात उतरतात. त्यांतल्या कितीतरी बायांच्या पोटावर टाक्यांचा व्रण असतो. २०१९ साली सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ती का काढली, हा निराळा विषय. मी आज बोलणार आहे ते व्रणाबद्दल.

टाके निघाले की घरचे म्हणतात, 'झाली बरी!' पण भगिनींनो, वरची कातडी मिटली म्हणजे आतली जखम भरली असे नव्हे. तीन आठवड्यांनी तिथे मूळ बळाचा जेमतेम चौथा हिस्सा असतो. तीन महिन्यांनी सुमारे ऐंशी टक्के. पुरते बळ कधीच परतत नाही. म्हणून निदान सहा आठवडे मोळी नको, भरला हंडाही नको.

जागा कोरडी ठेवा. राख, हळद लावू नका. उसाची कूस लागू नये म्हणून वर स्वच्छ सुती कापड असू द्या. पू, ताप, वाढती लाली दिसली तर तडक दवाखाना गाठा. जखम पुरी मिटल्यावर खोबरेल लावून हलक्या हाताने चोळा. व्रण फुगला तर डॉक्टर सिलिकोनची पट्टी देतात. लाली उतरायला वर्षही लागते.

सौंदर्यासाठी छातीवर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या शहरी भगिनीलाही बहुतेक हेच नियम. फरक इतकाच, की तिच्या विश्रांतीचा कुणी खाडा मांडत नाही. मुकादमांनो, तुम्हीही तेवढे सहा आठवडे मांडू नका!