पोटॅशियमचा आकडा

रुग्णालयात कुणाला भेटायला जाताना आपण हमखास शहाळं नेतो. मूत्रपिंडं थकलेल्या रुग्णाला तेच महागात पडू शकतं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर. रक्तात ते लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावं. फार घटलं किंवा वाढलं की हृदयाची लय बिघडते.

आज घरोघरी रक्तदाबाच्या गोळ्या आहेत. त्यांतल्या काही पोटॅशियम वाढवतात, काही घटवतात. 'लो सोडियम' मिठातही पोटॅशियम क्लोराइड असतं, पण पाकीट उलटून वाचतो कोण? म्हणून हा अंक.

आम्हाला अधिक रस वाटला तो डॉक्टरांच्या बदलत्या समजुतीत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर पातळी ४ ते ५ ठेवावी, असा जुना सल्ला. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या ३८ हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासात मात्र सर्वांत कमी मृत्यू ३.५ ते ४.५च्या दरम्यान आढळले. अर्थात, बिघडलेला आकडा मृत्यूचं कारण की आजार बळावल्याची खूण, हे नुसत्या नोंदींवरून ठरत नाही. ही शंका आम्ही लेखांत झाकलेली नाही.

डायलिसिसवरच्या माणसाचं पथ्य सांभाळणाऱ्यांनी आणि वॉर्डातल्या परिचारिकांनी आपले अनुभव आम्हाला जरूर लिहून पाठवावेत.