वाड्याच्या पायात कोण आहे?

हर्सूलच्या आमच्या घरात रात्री आठनंतर रिमोट मायच्या हातात असतो. दिवसभर चार घरची भांडी-फरशी करून ती येते, पाय पसरून बसते आणि वाडा बघते. वाडा म्हणजे मालिकेतला. 2019 साली कलर्स मराठीवर 'स्वामिनी' सुरू झाली तेव्हा ती सहसा भाग चुकवायची नाही. गोपिकाबाईंचा तोरा, छोट्या रमाबाईची पैठणी, नथी, समया. मी चळवळीतला पोरगा, मी तोंड वाकडं करायचो. "पेशवाई काय बघतेस माय?" ती म्हणायची, "तू नको बघू. मला दागिने बघू दे."

आता वाटतं, तो माझा आळस होता. 'पेशवाईचं उदात्तीकरण' हे दोन शब्द फेकले की आपलं काम झालं असं आपण कार्यकर्ते समजतो. मालिका मात्र नीट बघत नाही. बघितली तर पहिला प्रश्न साधा आहे : हा वाडा चालवतं कोण? समयांत तेल कोण घालतं, एवढी पाणी कोण भरतं, पंगतीची उष्टी कोण काढतं? पडद्यावर दासी असते. ती तबक घेऊन येते, मान खाली घालते, निरोप सांगते, निघून जाते. इतके भाग कानावर पडले, पण मला एका दासीचं नाव आठवत नाही.

इतिहासात या दासींना शब्द आहे : कुणबिणी. पेशवाईच्या कागदपत्रांत त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत. बायका विकत घेतल्या जात, भेट म्हणून दिल्या जात. गुलामीला कायद्याचा आधार राहणार नाही असं इंग्रजांनी ठरवलं ते 1843 च्या पाचव्या कायद्याने. पैठणीची घडी मोडत नाही म्हणून ज्या मालिकेचं कौतुक होतं, तिने ती घडी घालणारी बाई किती रुपयांना आणली होती हेही सांगावं की.

(जाता जाता : आपल्या शहराची पायाभरणी करणारा मलिक अंबर हाही गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. त्याची गोष्ट रोज रात्री आठ वाजता कोण दाखवेल?)

गेल्या वर्षी मी मायला मोबाईलवर एक इंग्रजी मालिका दाखवली, 'डाउनटन अॅबी'. 2010 ते 2015 या काळात ती इंग्लंडात गाजली. वर लॉर्ड ग्रँथमचं कुटुंब, खाली तळघरात नोकरांची फौज. मालिका उमरावांवर लट्टू आहे, त्यात शंका नाही. पण तळघरातल्या प्रत्येकाला नाव आहे, भांडण आहे, स्वप्न आहे. ग्वेन नावाची मोलकरीण चोरून टायपिंग शिकते आणि नोकरी सोडून सेक्रेटरी होते. मी मायला अर्थ सांगत होतो. सांगता सांगता डोक्यात आलं की या गोष्टीत 1921 साल येतं, त्या वर्षी बाबासाहेब लंडनमध्येच होते, अर्धपोटी राहून अर्थशास्त्राची पदवी मिळवत होते.

मायचं लक्ष दुसरीकडे होतं. मिसेस पॅटमोर नावाची स्वयंपाकीण तिने बघितली आणि विचारलं, "हिच्या हातचं मालक खातात?"

"खातात."

"आन् हे सगळे नोकर एकाच टेबलावर जेवतात?"

"हो."

ती गप्प झाली. तिच्या एका घरी तिचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, हे तिने मला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. किती वर्षं काम करते तिथे? अकरा.

मित्रांनो, आपल्याकडच्या वाड्याची आणि त्या वाड्याची तुलना इथेच संपते. तिकडे वर आणि खाली असे दोन मजले आहेत. गरीब माणूस खालच्या मजल्यावर तरी आहे. आपल्याकडे खालच्या मजल्यालाही सोवळं आहे. कुणबीण आत येऊ शकत होती, कारण तिचा विटाळ होत नव्हता. महार-मांगाची बाई त्या मुदपाकखान्याच्या दारातही उभी राहू शकत नव्हती. मालिकेत आपण नोकर म्हणूनही दिसत नाही, याचं हे खरं कारण. दिग्दर्शक विसरला असं म्हणून सोडून देऊ नका. वाडाच तसा बांधला होता.

आणि आपण कुठे होतो ते लिहून ठेवलेलं आहे. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवे या मांग समाजाच्या मुलीने 1855 साली 'ज्ञानोदया'त निबंध लिहिला. ती सांगते की मोठमोठ्या इमारतींच्या पायात आमच्या माणसांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. वाड्याच्या आत आपली जागा ही होती. वाड्यांच्या मालिका कितीही निघोत, प्रत्येक मालिकेच्या पहिल्या भागाआधी हा निबंध आपल्या विहारांत वाचला गेला पाहिजे. दहा मिनिटं लागतात.

"ते जुनं झालं" असं कोणी म्हणेल. पुण्यात 2017 साली हवामान खात्यातल्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकीणबाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. जात लपवून सोवळ्याचा स्वयंपाक केला, देव बाटला, ही तक्रार. ती स्वयंपाकीण मराठा समाजाची होती. म्हणजे बघा, पेशव्यांचा मुदपाकखाना मोडला, त्याचा नियम फ्लॅटमध्ये राहायला आला. घरकामातली उतरंड आजही जातीची आहे : पोळीभाजीची बाई वेगळी, भांडी-फरशीची वेगळी, संडास धुणारी आणखी वेगळी. पगारही त्याच क्रमाने. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 साली झाला. आपल्या वस्तीतल्या किती आया-मावश्यांची त्यात नोंदणी आहे, हे शाखेच्या पुढच्या बैठकीत मोजा.

आपल्या बाजूचं टीव्हीवर काहीच येत नाही असंही नाही. स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची 'महामानवाची गौरवगाथा' आली तेव्हा अख्खी गल्ली एका टीव्हीपुढे बसायची. सोनी मराठीवर 'सावित्रीजोती' 2020 च्या जानेवारीत सुरू झाली आणि डिसेंबरात प्रेक्षक कमी म्हणून बंद पडली. त्या वर्षी आपल्यातल्या किती जणांनी ती रोज लावली? मी नव्हती लावली. बैठका होत्या.

मायने मालिका सोडलेली नाही आणि मी आता तिला टोमणा मारत नाही, शेजारी बसतो. ती नथ बघते, मधेच मला कोपरखळी मारून म्हणते, "ती बघ, तबकवाली. हिला आज बोलायला दिलं."

गेल्या महिन्यात त्या अकरा वर्षांच्या घरची पोळीभाजीची बाई काम सोडून गेली. मायने ते काम मागितलं, पैसे जवळजवळ दुप्पट आहेत. घरमालकीणबाई म्हणाल्या, "बघू."

अजून बघताहेत.