तणनाशकामुळे पार्किन्सन्स होतो का? संशोधक कारण कसं शोधतात, समजून घ्या

गेल्या काही दिवसांत तुमच्याही फोनवर ती रील आली असेल. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा शेतकरी, मग थरथरणारा हात आणि वर मोठ्या अक्षरांत ‘तणनाशकामुळे पार्किन्सन्स!’ खालच्या कमेंट्समध्ये दोन तट. एक म्हणतो, ‘आमच्या आजोबांना यामुळेच झाला.’ दुसरा म्हणतो, ‘आम्ही तीस वर्षं फवारतोय, काही होत नाही.’

दोघंही आपापल्या अनुभवातून बोलतायत. पण एका माणसाच्या अनुभवावरून आजाराचं कारण ठरत नाही. मग ते ठरतं कसं?

आधी आजार समजून घेऊ

लंडनमधल्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने १८१७ मध्ये या आजारावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. आपल्याकडे याला कंपवात म्हणतात. हात थरथरणं, हालचाली मंदावणं, शरीर ताठरणं, तोल जाणं ही त्याची मुख्य लक्षणं.

मेंदूच्या खोल भागात डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात. पार्किन्सन्समध्ये त्या हळूहळू मरतात. हात थरथरायला लागतो तोपर्यंत यातल्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं अशी लक्षणं तर कित्येक वर्षं आधी दिसू शकतात.

इथेच संशोधकांची पंचाईत होते. आजार आज दिसतो, पण त्याचं कारण वीस-तीस वर्षांपूर्वी घडून गेलेलं असू शकतं.

१९८२: कॅलिफोर्नियातली विचित्र केस

पहिला मोठा धागा अपघाताने सापडला. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात काही तरुण अचानक पुतळ्यासारखे ताठ झाले. बोलता येईना, हलता येईना. लक्षणं पार्किन्सन्सची होती, पण हा आजार सहसा साठीच्या आसपास होतो आणि हळूहळू वाढतो.

विल्यम लँगस्टन या न्यूरोलॉजिस्टने माग काढला. सगळ्यांनी बेकायदा बनवलेलं नकली हेरॉइन घेतलं होतं. ते बनवताना चूक झाली आणि त्यात एमपीटीपी नावाचं रसायन तयार झालं. मेंदूत गेल्यावर त्याचं रूपांतर एमपीपी प्लस या विषात होतं. हे विष डोपामिनच्या पेशींमध्ये शिरून त्यांचा ऊर्जा बनवणारा भाग बंद पाडतं.

म्हणजे बाहेरून आलेलं एक रसायन नेमक्या याच पेशी मारू शकतं, हे सिद्ध झालं.

पुढचं वळण महत्त्वाचं आहे. या विषाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी बरीच मिळतीजुळती निघाली. संशोधकांचं लक्ष शेतीकडे वळलं ते तेव्हापासून. अर्थात दिसायला सारखं म्हणजे वागायला सारखं असं नसतं. पॅराक्वाट पेशींना वेगळ्या मार्गाने इजा करतं.

मग जनुकांचं काय?

१९९७ मध्ये इटलीत मूळ असलेल्या एका कुटुंबात पार्किन्सन्सशी जोडलेला जनुकातला बदल सापडला. हे जनुक अल्फा-सिन्युक्लिन नावाचं प्रथिन बनवतं. रुग्णांच्या मेंदूत दिसणाऱ्या गुठळ्या याच प्रथिनाच्या असतात, हेही त्याच वर्षी समोर आलं. २००४ मध्ये एलआरआरके२ हे आणखी एक जनुक सापडलं. पण त्यात बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही.

जनुकं किती जबाबदार आणि बाहेरचं जग किती, हे तपासायची एक जुनी पद्धत म्हणजे जुळ्या भावंडांचा अभ्यास. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सारखीच असतात. आजार प्रामुख्याने जनुकांमुळे होत असेल, तर एकाला झाल्यावर दुसऱ्यालाही होण्याची शक्यता बरीच जास्त हवी.

१९९९ मध्ये कॅरोलाइन टॅनर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या जवळपास २० हजार जुळ्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नाशीच्या आत आजार झालेल्यांमध्ये जनुकांचा प्रभाव ठळक दिसला. पण पन्नाशीनंतर आजार झालेल्यांमध्ये एकसारख्या आणि वेगळ्या जुळ्यांत फारसा फरक नव्हता. बहुतेक रुग्ण या दुसऱ्या गटात मोडतात. म्हणजे जनुकं हे एकमेव उत्तर नक्कीच नाही.

‘तुम्ही काय फवारलं होतं?’

२०११ मध्ये टॅनर यांच्याच गटाने आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांकडे पाहिलं. पार्किन्सन्स झालेले ११० जण आणि न झालेले ३५८ जण यांची तुलना केली. पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांमध्ये आजाराचं प्रमाण सुमारे अडीचपट आढळलं. रोटेनोनमुळे उंदरांमध्ये पार्किन्सन्ससारखी लक्षणं दिसतात, हे २००० मध्येच प्रयोगशाळेत दिसलं होतं.

पण अशा अभ्यासात एक कच्चा दुवा असतो, तो म्हणजे आठवण. आजारी माणूस कारण शोधत असतो. त्याला जुनी फवारणी जास्त आठवते. धडधाकट माणूस विसरून जातो.

कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी यावर तोडगा काढला. तिथे कोणत्या शेतात, कधी, कोणतं औषध फवारलं याची सरकारी नोंद १९७४ पासून ठेवली जाते. लोकांना विचारण्याऐवजी त्यांचे जुने पत्ते या नोंदींशी ताडून पाहिले. पॅराक्वाट आणि मॅनेब ही दोन्ही औषधं घरापासून ५०० मीटरच्या आत फवारली गेली असतील, तर धोका ७५ टक्क्यांनी जास्त दिसला. हा अभ्यास २००९ चा.

मग प्रश्न मिटला? नाही. अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबांच्या त्याच मोठ्या गटाकडे २०२० मध्ये पुन्हा पाहिलं, तेव्हा एकूणात पॅराक्वाटचा ठळक संबंध दिसला नाही. डोक्याला मार लागलेल्यांमध्ये मात्र दिसला. अमेरिकेत हजारो जणांनी कोर्टात दावे लावलेत आणि उत्पादक सिंजेंटा कंपनी हा संबंध नाकारते, त्यामागे पुराव्यातली ही ओढाताण आहे.

पाण्यातलं रसायन

दुसरं उदाहरण शेतीबाहेरचं. अमेरिकेतल्या कॅम्प लेजुन या लष्करी तळावर पिण्याच्या पाण्यात टीसीई हे रसायन अनेक वर्षं मिसळत होतं. धातूवरचं तेल-ग्रीस साफ करायला ते वापरतात. २०२३ मध्ये संशोधकांनी इथल्या सैनिकांची तुलना कॅम्प पेंडलटन या तळावरच्या सैनिकांशी केली, जिथलं पाणी असं दूषित नव्हतं. एकूण ३ लाख ४० हजारांहून जास्त जण. लेजुनच्या सैनिकांमध्ये धोका ७० टक्क्यांनी जास्त निघाला.

या अभ्यासाचं वजन जास्त का? कारण दोन्हीकडे तरुण सैनिक, सारखं काम, सारखी शिस्त. मोठा फरक पाण्याचा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने टीसीईवर बंदी जाहीर केली.

पण संबंध म्हणजे कारण नव्हे

सिगरेट ओढणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्स कमी दिसतो, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा आलंय. मग सिगरेट ओढायची का? अजिबात नाही. रुग्णांना निकोटिनचे पॅच देऊन चाचणी झाली, तिचे निकाल २०२३ मध्ये आले. आजाराचा वेग कमी झाला नाही.

कदाचित गोष्ट उलटी असेल. आजार सुरू होताना डोपामिन कमी पडतं, त्यामुळे व्यसनाची ओढच कमी होत असेल. ‘अमुकमुळे तमुक होतं’ अशी हेडलाइन वाचताना हे उदाहरण लक्षात ठेवा.

आपल्याकडे काय?

१९८८ मध्ये मुंबईतल्या पारशी वसाहतींमधलं घरोघरी सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. दर लाख लोकांमागे पार्किन्सन्सचे सुमारे ३२८ रुग्ण सापडले. आकडा मोठा वाटतो. पण पारशी समाजात वृद्धांचं प्रमाण जास्त आहे आणि वय हाच या आजाराचा सर्वांत मोठा धोका. वयाचा हिशेब केला की आकडा बराच खाली येतो. घरोघरी जाण्याचा फायदा असा, की डॉक्टरकडे कधीच न गेलेले रुग्णही सापडतात.

पॅराक्वाट युरोपीय संघात २००७ पासून बंद आहे. चीनने त्याचा वापर थांबवला. केरळने २०११ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्रात २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून जास्त जणांचा जीव गेला. ती विषबाधा तातडीची होती, औषधंही वेगळी होती, पार्किन्सन्सशी तिचा संबंध जोडता येणार नाही. पण फवारणारा माणूस किती उघड्यावर असतो, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं.

खरा प्रश्न नोंदींचा आहे. कॅलिफोर्नियातला अभ्यास शक्य झाला, कारण कोणीतरी रोजच्या फवारणीची नोंद ठेवत होतं. आपल्याकडे मजूर आज या शेतात, उद्या त्या शेतात. बाटलीवर काय लिहिलंय हे अनेकदा त्याला माहीत नसतं. वीस वर्षांनी त्याचा हात थरथरला, तर मागे जाऊन पाहायला काहीच नसेल. पुरावा नाही याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. कधीकधी त्याचा अर्थ एवढाच असतो, की कोणी मोजलंच नाही.

थोडक्यात सांगायचं तर

वय, जनुकं आणि काही रसायनं मिळून हा आजार घडवतात, असं आजचं चित्र आहे. एका रुग्णाकडे बोट दाखवून ‘याला यामुळेच झाला’ असं सहसा सांगता येत नाही. पण काळजी घ्यायला शंभर टक्के पुराव्याची वाट पाहायची गरज नाही. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे वापरा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. आणि कोणतं औषध, कधी, किती वापरलं हे एका वहीत लिहून ठेवा.

ती रील पुढे पाठवायची असेल, तर सोबत ही वहीची गोष्टही पाठवा.