आकडा मोठा, लक्षण खोटं!

फेस्टचा सीझन आला की कॉलेजच्या फोटोग्राफी ग्रुपवर एक प्रश्न हमखास पडतो. ‘भावा, फ्लॅशसाठी कुठले सेल घेऊ?’ उत्तरही ठरलेलं. कोणीतरी लिंक टाकतं. सेलवर ४८०० एमएएच असं ठळक छापलेलं, किंमत निम्मी आणि वर चार्जर फुकट. पटापट अंगठे उमटतात, ऑर्डर जाते. माझं म्हणणं एवढंच, की ऑर्डर द्यायच्या आधी पाच मिनिटं थांबा.

लेन्स घ्यायची तर आपण महिनाभर रिव्ह्यू बघतो. पण ज्याच्या जिवावर फ्लॅश चालतो, ते चार पेन्सिल सेल घेताना आपण फक्त आकडा आणि किंमत बघतो. घरच्या ट्रिपचे फोटो असतील तर चालून जातं. पण तुमच्यातले कितीतरी जण आता ओळखीच्या लग्नात सेकंड शूटर म्हणून जातात, फेस्टचे फोटो पैसे घेऊन काढतात. वरमाला गळ्यात पडताना किंवा ट्रॉफी हातात देताना फ्लॅश उडालाच नाही, तर रीटेक नसतो. पुढचं काम मिळणार की नाही, हे त्या एका फ्रेमवर ठरू शकतं.

फ्लॅशला नेमकं काय लागतं ते बघा. त्याच्या आत एक कपॅसिटर असतो. चार सेलमधून येणारे पाच-सहा व्होल्ट सर्किट वाढवतं आणि हा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास भरतो. शटर दाबलं की ही साठवण क्षणात रिकामी होते. ती पुन्हा भरायला जो वेळ लागतो, तो रीसायकल टाइम. तो कमी हवा असेल, तर सेलने थोड्या वेळात भरपूर करंट द्यायला हवा.

साधा अल्कलाइन सेल इथेच मार खातो. त्यावर १.५ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण त्याचा अंतर्गत रोध जास्त असतो. घड्याळात किंवा रिमोटमध्ये तो वर्षभर निवांत चालेल. फ्लॅशने एकदम करंट ओढला की मात्र तो धापा टाकतो. याउलट निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजेच आपला नेहमीचा रिचार्जेबल सेल, १.२ व्होल्टचाच असतो, पण त्याचा रोध कमी असतो. म्हणून व्होल्टेज कमी दिसत असूनही फ्लॅश तोच लवकर भरतो.

आता त्या ४८०० च्या आकड्याकडे येऊ. पेन्सिल सेलच्या आकारात या प्रकारची बॅटरी २७००-२८०० एमएएचच्या पुढे फारशी जातच नाही. त्यामुळे ४८०० छापलेला सेल मिळाला, तर ती लॉटरी नाही, थाप आहे. तो सेल खोक्यातच ठेवा.

बरं, खऱ्या आकड्यांतही मोठा म्हणजे चांगला असं नाही. एनेलूपचंच उदाहरण घ्या. सॅन्योने २००५ मध्ये आणलेला हा सेल आता पॅनासॉनिकच्या नावाने मिळतो. साधा एनेलूप साधारण २००० एमएएचचा, तर प्रो २५०० च्या आसपास. पण कंपनीच्याच आकड्यांनुसार साधा २१०० वेळा चार्ज होतो आणि प्रो ५०० वेळा. पाव क्षमता जास्त हवी म्हणून एक चतुर्थांश आयुष्य घ्यायचं का? दिवसभर सेल बदलायला उसंत न मिळणाऱ्या प्रोफेशनलला ते परवडेल. तुम्हाला मला नाही.

शिवाय जुन्या धाटणीचे रिचार्जेबल सेल कपाटात पडून पडून आपोआप उतरायचे. गणपतीत चार्ज केलेले दिवाळीत निम्मे रिकामे. एनेलूपसारखे सेल वर्षभर पडले तरी बहुतेक चार्ज टिकवतात. कॉलेजात रोज शूट नसतं, त्यामुळे आपल्यासाठी हा गुण आकड्यापेक्षा मोलाचा. पाकिटावर ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलेलं असेल, तर सेल बहुधा याच जातीचा.

माझ्या मते खरेदी अशी करा. साध्या क्षमतेच्या सेलचे चार-चारचे दोन सेट घ्या. एक फ्लॅशमध्ये, एक खिशात. उरलेलं बजेट चार्जरवर घाला. प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासून चार्ज करणारा आणि भरला की थांबणारा चार्जर हवा. फुकटातले चार्जर अनेकदा जोडीने चार्ज करतात, त्यामुळे एक सेल उपाशी आणि दुसरा तुडुंब अशी गत होते.

मार्करने सेटवर ‘अ’ आणि ‘ब’ लिहा आणि त्यांची सरमिसळ करू नका. चारही सेल एका ओळीत जोडलेले असतात. एक दमला की बाकीचे तिघे त्याला फरफटत नेतात, तो उलटा चार्ज होतो आणि कायमचा बिघडू शकतो. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे वेगळं समजवायला नको!

आणखी एक. पेन्सिल सेलसारखाच दिसणारा ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही बाजारात मिळतो. त्याचं नाव १४५००. पूर्ण चार्ज झालेले असे चार सेल मिळून जवळजवळ १७ व्होल्ट होतात. सहा व्होल्टवर चालणाऱ्या फ्लॅशमध्ये ते घातले, तर फ्लॅश जळालाच समजा.

‘पण एवढे पैसे एकदम कुठून आणू?’ प्रश्न रास्त आहे. मग हिशेब मांडा. दर इव्हेंटला अल्कलाइनचे एक-दोन सेट घेऊन फेकायचे, की एकदाच खर्च करून पदवी हातात पडेपर्यंत निर्धास्त राहायचं? क्लबने कॉमन फंडातून एक चांगला चार्जर घेतला, तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त सेल उरतात. फेस्टनंतर स्टेजमागे पडलेला मेलेल्या सेलचा ढीगही कमी होईल. जे शेवटी मरतीलच, ते ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ते वेगळे साठवून ई-कचरा घेणाऱ्यांकडे देणं हे आपलं काम.

या आठवड्यात ग्रुपवर पुन्हा ती लिंक आली, तर अंगठा दाखवण्याआधी सेलवरचा आकडा वाचा. तो २८०० च्या पुढे असेल, तर पाठवणाऱ्यालाही सांगा.