प्रतिकृतीत प्राण हवा

अजिंठा लेण्यांपासून चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या पर्यटक केंद्रात लेणी क्रमांक १, २, १६ व १७ यांच्या प्रतिकृती उभारल्या गेल्या. मूळ लेणी इतक्या जवळ असताना नकलेचा खटाटोप कशाला, असे कुणाच्याही मनात येईल. परंतु प्रेक्षकांच्या गर्दीने व श्वासातील आर्द्रतेने झिजणाऱ्या चित्रांना विसावा देणारी नक्कल ही फसवणूक नव्हे, तो वारशाचा सांभाळ आहे.

हाच न्याय निवृत्त विमानांना लावायला हवा. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात तीन सुकाणूंच्या शेपटीचे ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ उभे आहे. आधी ते एअर इंडियाच्या ताफ्यात होते. पुढे ते वायुदलात आणि नंतर नौदलाच्या सागरी टेहळणीत राबले. त्याचा सांगाडा आपण जपला; पण त्याचे उड्डाण कसे जपणार?

येथे संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटर उपयोगी पडतो. जुनी मालवाहू व प्रवासी विमाने जगभरातील हौशी अभ्यासकांनी त्यावर पुन्हा ‘उडती’ केली आहेत. त्यासाठी बाह्यरूप पुरत नाही. आराखडे, उड्डाणपुस्तिका, इंजिनांचे आवाज, सारे लागते. या विमानाची चार इंजिने, प्रत्येकात १८ सिलिंडर; त्यांचे तापमान व इंधनमिश्रण सांभाळायला स्वतंत्र फ्लाइट इंजिनीयर असे.

पुस्तिका परदेशी कंपनीची मिळेल. आपल्या माणसांचे अनुभव कोण देणार? उन्हाळ्यात हवा विरळ होते, इंजिनांची व पंखांची क्षमता घटते. तेव्हा भार किती घ्यायचा? पावसाळी ढगांतून वाट कशी काढायची? २७ ऑक्टोबर १९४७ रोजी डकोटा विमानांनी शीख पलटणीचे जवान श्रीनगरला उतरवले, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र डोंगरांनी वेढलेल्या त्या धावपट्टीवर उतरणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला पाठापेक्षा सिम्युलेटर अधिक चांगले शिकवील.

अर्थात, उभारणीने काम संपत नाही. फर्दापूरचे केंद्र वीज-पाण्याच्या थकबाकीपायी काही वर्षांतच बंद ठेवण्याची वेळ आली. संगणकीय प्रतिकृतीचेही तसेच आहे. नवी प्रणाली आली की जुने मॉडेल निरुपयोगी ठरते. म्हणून हे काम एकट्या हौशी तरुणावर सोडून चालणार नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी ते हाती घ्यावे, संग्रहालयांनी मोजमापे खुली करावीत.

सर्वांत निकड आहे ती माणसांची. १९६० मध्ये पंचविशीत असलेला तंत्रज्ञ आज नव्वदीच्या घरात आहे. यंत्राचा सुटा भाग भंगारातूनही सापडू शकतो. कानाने इंजिनाचा दोष ओळखणाऱ्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच जाते. आपल्या घरात, शेजारी असे कुणी आजोबा असतील, तर त्यांच्यासमोर बसा, विचारा आणि त्यांचे शब्द ध्वनिमुद्रित करून ठेवा. विमान पडद्यावर नंतरही उभे करता येईल.